गुळाशिवायची कमान

फेब्रुवारीत वादीला पाणी आलं आणि मशिदीचा तिसरा खांब खचला. वादी म्हणजे आपल्याकडचा ओढाच, पण वर्षभर कोरडा, नुसते गोटे. येतो तेव्हा मात्र पायात चप्पल घालायचीही सवड देत नाही. ओमानमधल्या सूरहून आत डोंगरात तासाभराच्या वाटेवर हे गाव. खजुराची बाग, तीसेक घरं आणि वादीच्या काठाला ही जुनी मशीद. पुढे ओसरी, ओसरीला पाच कमानी, वर टोक काढलेल्या. खांब खचला तशी तिसरी कमान खाली बसली आणि दुसरी फाटून तशीच लटकत राहिली. गावातली माणसं नमाजाला रस्त्यावरच्या नव्या मशिदीत जायला लागली. जाता-येता हिच्याकडे बघायची आणि मान हलवायची.

काम मस्कतच्या एका कंपनीला मिळालं आणि कंपनीनं ते आमच्या दारात आणून टाकलं. निदाचे अब्बा त्या कंपनीत मिस्त्री. नाव कासम. पंचवीस वर्षांत मी ते नाव तोंडावाटे काढलेलं नाही, आता सांगायला बसलेय म्हणून काढलं, परत काढणार नाही. आमची निदा बारावीला. तिला सूरला माझ्या जावेकडे, दिलशादकडे ठेवली आणि आम्ही दोघं चार भांडी घेऊन गावात राहायला आलो. मौझा नावाच्या म्हातारीनं आपल्या अंगणातली खोली दिली. मी आले ती भाकऱ्या थापायला. तांदळाच्या भाकरीशिवाय यांचा हात चालत नाही, आणि हात चालला नाही की तोंडही उघडत नाही, म्हणून मला यावंच लागतं.

पहिल्याच दिवशी मस्कतहून इंजिनीअर आला. क्षितिज नाव, पुण्याचा, राहायला अल् घुब्रात. तिशीतला पोरगा, पांढरं हेल्मेट, बुटांवर धूळ बसली की पाय झटकायचा. आमच्याशी हिंदीत बोलत होता. मी पाणी दिलं आणि म्हटलं, घ्या साहेब, इथलं पाणी थोडं मचूळ लागतं, पण बाधत नाही. तो थबकलाच.

"अरे, तुम्ही मराठी बरं बोलता हो," तो म्हणाला.

"तुम्ही पण बरं बोलता," मी म्हटलं.

निदाच्या अब्बांनी माझ्याकडे डोळे वटारले. वटारू देत. माझा जन्म श्रीवर्धनच्या बाजूचा, माझी आई मराठीत ओरडली आणि मराठीत रडली, आणि हा मला पास करतोय. मनात आलं ते मी बोलले आणि आत जाऊन भाकरी उलटली.

क्षितिजकडे नकाशा तयारच होता. पाचही कमानी पाडायच्या, खांब काँक्रीटचे ओतायचे, साच्यातून एकसारख्या पाच कमानी काढायच्या आणि वरून पांढरा रंग. दीड महिन्यात काम उरकून चावी गावाच्या हातात. त्यानं टेप लावून दाखवलं. पाच कमानींची पाच मापं, एकाचं दुसऱ्याशी जुळेल तर शपथ. दुसरी तर चक्क तिरकी. हे बघा मिस्त्री, तो म्हणाला, पहिल्यापासूनच चुकलेलं आहे.

निदाच्या अब्बांनी फावडं घेतलं आणि दुसऱ्या खांबाच्या मुळाशी उकरायला लागले. उन्हात तासभर. क्षितिज आधी गाडीत जाऊन बसला, मग उतरून बघायला आला. हातभर खाली खडक लागला. चौथ्या खांबाखालीही खडक. ज्यानं बांधली त्यानं मापाला खांब उभे केलेले नव्हते, जिथे खडक सापडला तिथे केले होते, म्हणून कमानी लहान-मोठ्या. तिसऱ्याला खडक जवळ मिळाला नाही, तिथे त्यानं गोट्यांवर भागवलं, आणि तेवढाच एक खांब खचला.

"चूक एकच हाय साहेब, पाच नाय," हे म्हणाले. "ती एक मी काढतो. बाकीच्याला हात नाय लावायचा."

क्षितिजला ते पटलं की नाही कोण जाणे. कमानीकडे बघत म्हणाला, या तर आपल्याकडच्या चर्चसारख्या दिसतात, अशा टोकदार. मग हे खुलले. म्हणाले, दिसणारच. माझ्या बाबानं रेवदंड्याकडच्या एका खेड्यातल्या चर्चची अशीच कमान उतरवून पुन्हा चढवली होती, मी सात वर्षांचा होतो, घमेलं द्यायला उभा. पाद्री स्वतः गुळाच्या ढेपा फोडून चुन्यात टाकायचा. ते चर्च अजून उभं आहे. कमान कुणाच्याही घरची असो, तिला दोन्हीकडून सारखा रेटा लागतो, बाकी काही लागत नाही. इतकं सलग बोलताना मी यांना लग्नाच्या बोलण्यांतही ऐकलं नव्हतं.

कंपनीनं शेवटी दीड महिना दिला. तिसरा खांब आणि तिसरी कमान दगडात उभी राहिली, दुसरीची फट सांधली, तर बाकीच्या वाचतील. नाही राहिली तर पाचही पाडायच्या. वर एक इंग्रजी कागद सहीला आला. सही करण्याआधी मी त्याचा फोटो निदाला पाठवला. तिचा फोन आला. आमच्या पोरीचं मराठी म्हणजे अर्धं इंग्रजी, तिच्या शाळेत सगळ्यांचं तसंच.

"अम्मी, इट सेज सगळी रिस्पॉन्सिबिलिटी अब्बांची. आणि फेल झालं तर दे विल कॅन्सल द व्हिसा." मग म्हणाली, "मग माझी बारावी?"

व्हिसा गेला की आम्ही तिघं परत. वर्षाच्या मध्यात कुठलं कॉलेज हिला घेणार, आणि घेतलं तरी ती तिथे काय बोलणार. निदाचे अब्बा कागद मांडीवर घेऊन बसले होते. मी विचारलं, राहील का कमान? राहील, म्हणाले. मग करा सही, मी म्हटलं. पुढे भीती वाटली ती सगळी वाटली, पण सही करा म्हणणारी मीच होते, हे मी कुणावर ढकलत नाही.

सिराज म्हणून यांच्या हाताखाली एक गडी होता, हर्णैचा, वयानं यांच्याएवढाच. दोघांनी मिळून तिसऱ्या खांबाखाली दोन पुरुष खोल खणलं तेव्हा खडक लागला. तिथून दगडांनी भरत वर आले. यांच्या हातांची सालटं निघाली. रात्री मी खोबरेल चोळायची आणि हे झोपेतच हात मागे ओढायचे. आठ दिवसांत खांब खांद्याएवढा झाला. मोठा मॅनेजर येणार म्हणून खांबाला बाहेरून चुन्याचा गिलावा द्यायचं ठरलं, नमुना म्हणून. आणि तिथे आमचं नाक कापलं गेलं.

बाबानं सांगितलेलं, तसाच चुना यांनी मळला. हिरड्याचं पाणी, आणि गूळ. गूळ सूरच्या दुकानातून आणला, चांगला कोल्हापुरी. मीच किसून दिला, त्यामुळे दोष निम्मा माझाही. संध्याकाळी गिलावा केला, हात फिरवून आरशासारखा गुळगुळीत. पहाटे उठून बघतो तर गावातल्या सगळ्या बकऱ्या खांबाभोवती. मागच्या पायांवर उभ्या राहून चाटताहेत. जिथवर जीभ पोचली तिथवर दगड उघडे पडले होते, आणि वरच्या अर्ध्या भागाला मुंग्यांची रांग लागली होती. रेवदंड्याच्या चर्चला गडगा होता, बकरी आत यायची सोय नव्हती. हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

मॅनेजर नेमका नऊ वाजता आला. दोन महिन्यांपूर्वीच देशातून आलेला, आपल्याच देशातला पण आपल्या भाषेतला नाही. त्यानं फोटो काढले. एक बकरी अजून चाटतच होती, तिचाही काढला. दुपारपर्यंत तो फोटो कंपनीच्या प्रत्येक फोनवर गेला. मस्कतजवळच्या माबेल्याच्या लेबर कॅम्पातून सिराजला फोन आले, मिठाईचं दुकान टाकलंस काय रे म्हणून. निदानंही बघितला. तिच्या वर्गात कुणाचा तरी बाप त्याच कंपनीत होता. दिलशादनं सांगितलं, पोरगी जेवली नाही.

हे दिवसभर खांबाला पाठ लावून बसून राहिले. मी भाकरी नेली, हात लावला नाही. क्षितिज जवळ आला, बसला आणि अगदी हळू म्हणाला की मिस्त्री, अजून वेळ गेलेली नाही, काँक्रीटला हो म्हणा, मी तो कागद फाडून टाकतो. वाईट मनानं नाही म्हणाला. मला मात्र डोक्यात तिडीक गेली. बकरीनं चाटला म्हणून खांब वाकडा झाला काय? मी तसं विचारलंही. तो म्हणाला, वहिनी, गिलावा टिकत नाही तर सांधा कसा टिकेल.

उत्तर मौझाकडे होतं. म्हातारी सकाळपासून हसत होती. दात दोनच, त्यामुळे हसली की सगळं तोंड दिसायचं. तिचा बाप गलबतावर मुंबईला जायचा, त्याच्याकडून चार हिंदी शब्द आलेले, बाकी अरबी, बाकी हातवारे. तिनं मला मनगटाला धरून खजुराच्या बागेत नेलं, टाचेनं जमीन उकरली, मूठभर माती माझ्या हातावर ठेवली. माफी सुक्कर, म्हणाली. साखर नको. सारूज.

सारूज म्हणजे भाजून कुटलेली माती. इथले किल्ले, इथले पाण्याचे पाट, सगळं त्यानं बांधलेलं, हे मी तिच्या हातवाऱ्यांतून समजून घेतलं. ही मशीद शेवटची लिंपली तेव्हा ती लहान होती आणि आईबरोबर माती वाहायची. बायकांचं काम. पुरुष भिंतीवर, बायका कुटायला.

मी यांना येऊन सांगितलं. हे उठले, तोंड धुतलं आणि भाकरी खाल्ली.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघी लागलो. पडीक वाफ्यातली माती खणायची, पाणी घालून पायांनी तुडवायची, तिच्या जाड भाकऱ्या थापून उन्हात वाळत घालायच्या. भाकऱ्या थापण्यात मला कोण शिकवणार. मौझाचा मुलगा खमीस, त्यानं पिकअपमधून खजुराची वाळलेली खोडं आणली. खोडांचा थर, वर मातीच्या भाकऱ्या, परत खोडं. मग आग लावली. पाच दिवस धुमसत होतं. धुरानं माझे डोळे सुजले, केसांना तो वास पुढे महिनाभर होता. मौझा मध्येच उठून राखेत काठी खुपसायची आणि शुवय, शुवय म्हणायची, म्हणजे दमानं. मला दम कुठला, मी दिवस मोजत होते.

भट्टी निवली तेव्हा भाकऱ्या लालसर झाल्या होत्या. मग कुटणं. मुसळ मौझाच्या सासूचं, खालच्या टोकाला लोखंडी वळं बसवलेलं. वर उचललं की खांदा निखळेल असं वाटायचं, आणि मी काही नाजूक बाई नाही. कुटायचं, चाळायचं, राहिलेलं पुन्हा कुटायचं. दुसऱ्या दिवशी तळहाताला फोड आले, तिसऱ्या दिवशी ते फुटले. मौझा गाणं म्हणायची आणि त्या ठेक्यावर मुसळ चालायचं. तिचं अरबी गाणं संपलं की मी आमच्या लग्नातलं हळदीचं गाणं घ्यायची. तिलाही ते मुसळाच्या ठेक्यावर बरोबर सापडलं.

मॅनेजरला कुणीतरी सांगितलं. त्यानं क्षितिजला पाठवलं. क्षितिज अंगणात आला, अवघडून उभा राहिला. म्हणाला, वहिनी, तुमचा व्हिसा मिस्त्रींच्या नावावर आहे, तुम्हाला इथे काम करायला परवानगी नाही, कंपनीवर दंड येईल.

"मी कामावर नाही," मी मुसळ न थांबवता म्हटलं. "मी या बाईच्या अंगणात माती कुटतेय. मशिदीला देणार आहे. दान द्यायला व्हिसा लागतो असं कुठे लिहिलेलं असेल तर आणून दाखवा."

तो उभा राहिला, माझ्या तळहातांकडे त्याचं लक्ष गेलं, आणि मग तो गेला. जाताना मौझानं त्याच्या हातात खजूर कोंबले.

सारुजाला इथल्या उन्हात भराभर सुकू द्यायचं नसतं. आमच्याकडे चुना वाळेना म्हणून रडतात, इथे वाळू नये म्हणून गोणपाटं भिजवून पांघरायची. दर दोन तासांनी मी पाटातून डबा भरून आणायची आणि गोणपाटावर ओतायची. खांब पुरा झाला. सिराजनं लाकडाचं सेंटरिंग उभं केलं, कमानीच्या पोटाच्या आकाराचं. जुनेच दगड, खाली पडलेले, एकेक पुसून, नंबर घालून ठेवलेले, तेच परत चढवले. दोन्ही बाजूंनी सारखे, एक इकडे, एक तिकडे. तिसाव्या दिवशी टोकाचा दगड बसला. हे खाली उतरले आणि वर बघत नुसते उभे राहिले. मग दुसरीची फट सांधली. आता सेंटरिंग काढायला किमान बारा दिवस जाऊ देत, हे म्हणाले. सारूज सावकाश धरतं. मुदत रविवारी संपत होती. रविवारी उजाडता काढू.

गुरुवारी अकराच्या सुमाराला रस्त्यावर धूळ दिसली. पुढे मॅनेजरची गाडी, मागे ट्रेलरवर ब्रेकर. दगड फोडायचं ते पिवळं मशीन, पुढे लांब चोच. मॅनेजर उतरला आणि म्हणाला की मशीन आज मोकळं आहे, सोमवारी दुसऱ्या साइटवर जायचं आहे, कमान अजून टेकूवरच दिसते, म्हणजे काम झालेलं नाही, तीन दिवसांनी काय मोठा फरक पडणार. हे म्हणाले, मुदत रविवारची आहे. मॅनेजर म्हणाला, मिस्त्री, तू मला मुदत शिकवू नकोस, बकरीचा फोटो अजून माझ्याकडे आहे. क्षितिज बुटांकडे बघत राहिला. यांचा चेहरा असा उतरला की मला बघवेना.

मला दुसरं काही सुचलं नाही. मी मौझाच्या अंगणातून मुसळ उचललं, चटई उचलली आणि तिसऱ्या कमानीखाली जाऊन बसले. मॅनेजर म्हणाला, बाईला बाजूला करा. कुणी हललं नाही.

"पाडायची तर पाडा," मी म्हटलं. "आधी मी, मग कमान."

निदा डोळ्यांपुढे होती, तिचं दप्तर, तिचा तो दिलशादच्या माळ्यावरचा कोपरा. पण उठायचं नाही एवढं नक्की होतं.

मौझा दारात उभी राहून हे सगळं बघत होती. तिनं खमीसला काहीतरी सांगितलं. खमीस गेला आणि किटली घेऊन आला, मागोमाग घराघरांतून माणसं आली, चटया, खजुराचं ताट, हलव्याचा वाडगा. गावात पाहुणा आला आणि कॉफी न घेता गेला, असं इथे चालत नाही. मॅनेजरला हाताला धरून ओसरीत बसवलं. ब्रेकरचा ड्रायव्हर आपण होऊन बसला. खमीसनं वाटी भरली. इथली कॉफीची वाटी दोन घोटांची, वेलचीची, कडू. मॅनेजरनं प्यायली, वाटी पुढे केली. खमीसनं परत भरली. पुरे झाली की वाटी हातात डावी-उजवी हलवायची असते. तेवढं न करता परत दिली, तर ओतणारा भरतच राहतो. नको म्हटलेलं तो ऐकत नाही, हात आडवा धरलेला बघत नाही, वाटी हलली की थांबतो. हे इथल्या पोराटोरांना ठाऊक असतं. तीनेक महिन्यांच्या मॅनेजरला ठाऊक नव्हतं.

मला ठाऊक होतं. मी बोलले नाही. क्षितिजलाही ठाऊक होतं, नऊ वर्षं झाली त्याला इथे. त्यानं स्वतःची वाटी तिसऱ्या खेपेला शांतपणे हलवून परत दिली, आणि साहेबाच्या नवव्या वाटीकडे बघूनही तो काही बोलला नाही. त्या वेळी मी त्याला पहिल्यांदा आपला म्हटलं.

मग नमाजाची वेळ झाली, सगळे उठून रस्त्यावरच्या मशिदीत गेले, आले. मग भाताचं परातभर ताट आलं, वर अख्खा मासा. जेवण नाकारणार कसं. मग दुसऱ्या घरचा हलवा, मग तिसऱ्या घरची कॉफी. मॅनेजरचं कपाळ घामेजलं होतं, हात थरथरत होता, पण वाटी सरळच. चारच्या ठोक्याला ड्रायव्हर उठला. म्हणाला, ड्युटी खलास, उद्या जुम्मा, परवा सुट्टी. ट्रेलर वळवला आणि निघाला. मॅनेजर त्याच्यामागे काहीतरी ओरडत गाडीकडे गेला. मी मुसळ बाजूला ठेवलं तेव्हा कळलं की माझे दोन्ही पाय बधिर झालेत. मौझानं दोन दातांनी हसत मला उठवलं.

शुक्रवार, शनिवार मी गोणपाटं भिजवत राहिले. रविवारी उजाडायच्या आत हे हातोडी घेऊन सेंटरिंगखाली शिरले. बाहेर हो, म्हणाले. मी झाले नाही. माती माझी आहे, मी म्हटलं, पडली तर माझ्यामुळे पडेल. सिराज एकीकडून, हे दुसरीकडून, पाचरी सैल करायला लागले. एक ठोका इकडे, एक तिकडे. तिसऱ्या पाचरीला वरून भुकटी गळाली, माझ्या ओठांवर पडली. यांचा हात थांबला. खाऱ्या मातीची चव होती. मग यांनी पुढची पाचर ठोकली. सगळ्या निघाल्या तेव्हा लाकूड नखभर खाली उतरलं आणि कमान वरच राहिली. दोघांच्या मध्ये उजेडाची बारीक रेघ दिसायला लागली. निदाचे अब्बा त्या रेघेकडे बघत भुईवर बसले आणि पोरासारखे रडले. मी मात्र रडले नाही. मी निदाला फोन लावला आणि म्हटलं, ऊठ, अभ्यासाला बस.

नऊ वाजता गाड्या आल्या. ब्रेकरही होता. मॅनेजर लांबूनच हात करून मशीन उतरवायला सांगत होता. क्षितिज पुढे आला, कमानीखाली उभा राहिला, ओळंबा सोडला, लेव्हल लावली, टेप लावला, सगळं दोन-दोनदा. मग मॅनेजरकडे वळला आणि इंग्रजीत बोलला. तेवढं मला कळलं. मुदत आजची होती, कमान उभी आहे, मी सही करतोय. मॅनेजरनं खिशातला फोन काढला, बहुतेक बकरीचा फोटो दाखवायला, आणि तसाच परत ठेवला. ट्रेलर उतरलाच नाही.

दुपारी क्षितिज कागद घेऊन ओसरीत बसला. रिपोर्टात एक रकाना होता, माल कुठून आणला. मला विचारलं, काय लिहू? वहिनी, तुमचं नाव घातलं तर उगाच प्रश्न येतील, मी फक्त गावातून एवढंच लिहितो. चांगल्यासाठीच म्हणत होता. मी पदराला हात पुसले. फोडांच्या खुणा अजून लाल होत्या.

"लिहा," मी म्हटलं. "सारूज, मशिदीला दान. देणाऱ्या मौझा आणि वजीरा. दोन्ही नावं पूर्ण लिहा. प्रश्न आले तर माझ्याकडे पाठवा."

त्यानं लिहिलं. दोन्ही नावं मला वाचून दाखवली.

"आणि खाली शेरा लिहा," मी म्हटलं. "मराठी बरं बोलतात."

त्याचे कान लाल झाले. वहिनी, ते मी तेव्हा, असं काहीतरी पुटपुटायला लागला. मी म्हटलं, लिहा. त्यानं मान खाली घातली आणि त्या इंग्रजी कागदावर, सगळ्यात शेवटी, देवनागरीत एक ओळ लिहिली. मौझानं ती उलटीकडून बघितली आणि बरोबर आहे अशी मान हलवली. निदाच्या अब्बांनी तिसऱ्या खांबावरचं गोणपाट काढलं. खालून एक बकरी आली, तिनं खांब हुंगला, एकदा जीभ लावली आणि पुढे निघून गेली.